कापलेली कड

४ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

तुझी तब्येत कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का, की अजूनही जिना चढताना त्यांच्या आधी त्यांचा खोकलाच घरात शिरतो? लेकाला नवी नोकरी लागल्याचं इकडून तिकडून कळलं, बस्तान बसलं का? सूनबाईची पाठ? नातीचे पुढचे दात आले असतील आता. आणि ती तुझी एका डोळ्याची मांजर, ती आहे ना अजून? एकेकाचं वेगवेगळं लिही. ‘सगळे मजेत’ अशी एका ओळीत बोळवण करू नकोस, त्या ओळीवर माझा कधीच विश्वास नव्हता.

मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण गुडघ्यांचं कोण ऐकतं? ह्यांचा मोतीबिंदू काढला. तेव्हापासून ह्यांना घरातली सगळी धूळ दिसायला लागली आहे, आणि ती माझ्यामुळेच साचली असं त्यांचं ठाम मत आहे. आधीच बरं होतं.

आता मुद्द्याचं. सहा वर्षांत तुझं हे पहिलं पत्र. पाकिटावरचं तुझं अक्षर लगेच ओळखलं. उघडायच्या आधी मी ते उजेडाला धरून पाहिलं, खोटं कशाला सांगू? दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. भरल्या सभागृहात, गाणं अर्ध्यावर टाकून तू उठून गेलीस. मी एकटी उभी, तोंडात अर्धी ओळ. का गेलीस ते आजतागायत सांगितलं नाहीस. नंतर फोन करावा तर दर वेळी भावोजी: “ती आंघोळीला गेलीय.” अगं, किती आंघोळी? एवढ्या तर बदकसुद्धा करत नसेल. शेवटी मीही फोन सोडला.

आणि आता एकाएकी लिहितेस, आईचं गाणं रेकॉर्ड करू या. तू तुझ्या घरी म्हणायचं, मी माझ्या घरी, आणि कॉम्प्युटरवर दोन्ही आवाज जोडायचे. वर आणखी ‘लवकर करू या’. घाई कसली गं? आयुष्यभर जोडीने गायलो तेव्हा रेकॉर्डचं नाव काढलं नाहीस. शेवटचं कडवं आईने आजारपणात, तू पोचायच्या आत, मला एकटीला दिलं. तू ते ऐकलेलंही नाहीस. बाकीचं गाणं दोघींचं, कडवं माझ्यापाशी. तेव्हा कुणाला एकदम घाई सुटली की मी आधी कडीकोयंडा तपासते. संशय घेत नाही हो मी. नुसतं विचारते.

‘सॉफ्टवेअर तू निवड, मी तेच घेईन,’ असंही लिहिलंस. हे तर मला जास्तच खटकलं. मी निवडलेली साधी रिबीन कधी चालली नाही तुला.

तरी वाद्यांच्या दुकानात जाऊन आले. दुकानदार गोड बोलतो. गोड बोलणाऱ्याच्या तोंडाकडे नाही, हाताकडे बघावं. त्याने तीन स्थळं दाखवली. पहिलं भाड्याचं. दर महिन्याला पैसे भरायचे, नाही भरले तर आपलंच गाणं आपल्याला उघडून देणार नाही. म्हणजे घर आपलं, किल्ली शेजाऱ्याकडे. दुसरं एकदाच विकत घ्यायचं, पण त्यात बटणंच इतकी की गाणं म्हणायचं आहे की विमान उडवायचं आहे, कळेना. तिसरं फुकट. फुकट ते पौष्टिक म्हणतात खरं, पण फुकट देणारा बदल्यात काय नेतो ते कळल्याशिवाय मी हात लावणार नाही. माझा आवाज जातो कुठे? ऐकतं कोण? दुकानदार हसून म्हणाला, “आजी, तुमचा आवाज चोरून कोण काय करणार?” मी म्हटलं, “ते चोराला विचार, मला काय विचारतोस!”

सध्या भाड्याचं घेते. भाड्याचं घर पटलं नाही तर सोडता येतं.

तुझी ताई

२१ ऑगस्ट

प्रिय धाकटे,

तुम्हीही तेच सॉफ्टवेअर घेतल्याचं भावोजींच्या चिठ्ठीवरून कळलं. त्यांनी का कळवलं? तुझा हात मोडलाय का? तुझ्या तब्येतीबद्दल विचारलं तर ‘ती छान आहे’. मांजरीबद्दल मात्र अर्धं पान. यातून मी काय समजायचं?

असो. माझ्या शिवणाच्या खोलीचा स्टुडिओ झाला आहे. मशीन भिंतीला सरकवलं, दाराला रजया टांगल्या, खिडकीत जुनी गादी उभी केली. माइकसमोर उभी राहिले की बिछान्याच्या कपाटात कोंडल्यासारखं वाटतं. फ्रिज गुरगुरतो म्हणून ह्यांनी तो बंद केला आणि परत चालू करायला विसरले. दूध नासलं. वर मलाच म्हणतात, “तुमच्या मायलेकींच्या गाण्यापायी आम्ही कोरा चहा प्यायचा!” त्यात तू आलीस हं, हे लक्षात घे. ह्यांच्या हिशेबात तू अजून आहेस.

सॉफ्टवेअर मी स्वतःच शिकले. दुकानदार शिकवायला तयार होता, पण शिकवणी झाली की तो नवीन काहीतरी गळ्यात मारणार, हे मला त्याच्या चष्म्यावरून कळलं. आणि यात शिकायचं ते काय? आवाज पडद्यावर आडव्या पट्टीसारखा दिसतो. मधे डोंगर, दोन्ही टोकांना सपाट. ती टोकं म्हणजे खाकरणं, खुर्ची सरकवणं, असला फापटपसारा. ती आधी कापायची, मग पुढचं काम. जन्मभर लोकांच्या कपड्यांच्या वेड्यावाकड्या कडा कापल्या, मला कापणं कोण शिकवणार?

पेन ड्राइव्ह पाकिटात घातला आहे. मी ठेका लावून त्यावर माझ्या ओळी म्हटल्या आहेत. तू हेडफोन लावून मला ऐकायचं आणि तुझ्या ओळी म्हणायच्या. आई सांगायची तसं: ताईची ओळ संपायच्या आत धाकटीने धरायची, दोरा तुटता कामा नये.

शेवटचं कडवं त्यात दिसणार नाही. मी म्हटलं होतं, पण नंतर पाहिलं तर नाहीच. सॉफ्टवेअरने खाल्लं असावं. भाड्याचं ना, त्याला कुठली आपुलकी?

तुझी ताई

९ सप्टेंबर

प्रिय धाकटे,

तुझी पट्टी मिळाली. पहिली ओळ ऐकली आणि मी मशीनच्या स्टुलावर बसले ती बसूनच राहिले. ह्यांनी येऊन विचारलं, “लाइट गेली का?” म्हटलं, नाही. आवाज तुझा तसाच आहे. किंचित जाड झालाय, धुतलेल्या सुती कापडासारखा, पण पोत तोच. एवढं कौतुक पुरे.

आता तक्रार. तुझा दोरा तुटतो आहे. माझी ओळ संपते, मधे जराशी फट पडते, आणि मग तू येतेस. पापणी लवायला लागते तेवढीच फट. पण एकही ओळ त्यातून सुटत नाही. पहिल्यांदा वाटलं, माझेच कान म्हातारे झाले. ह्यांना ऐकवलं. हे म्हणाले, “धाकटी दारात चपला काढून मग आत येते असं वाटतंय.” म्हणजे ज्यांना गाण्यातलं ओ की ठो कळत नाही, त्यांनाही कळलं.

दुकानदार म्हणतो, असा उशीर कॉम्प्युटर करतो. आवाज आत जाऊन बाहेर यायला वेळ लागतो म्हणे. उपाय काय? तर ते विकतचं, विमानाचं. मी म्हटलंच होतं.

दुसरी गोष्ट. दुसऱ्या कडव्यात तुझ्या दाराची घंटा वाजते. चांगली खणखणीत, पुन्हा पुन्हा. आणि तू गातेच आहेस! माशी गुणगुणली तरी गाणं थांबवून वर बघणारी तू. दार उघडायला भावोजी घरात नव्हते का? आणि घंटा वाजली तर परत म्हणायला काय झालं होतं? ताईला काहीही पाठवलं तरी खपतं, असंच ना?

तिसरी गोष्ट. तुझ्या प्रत्येक ओळीच्या आधी काहीतरी ‘थप्’ वाजतं. मऊ वाजतं, उशी थोपटल्यासारखं. हेडफोन लावून, कान देऊन ऐकावं लागतं, पण आहे. मी सगळी खोली शोधली, माझ्याकडचं नाही. तुझ्या खोलीत कोण आहे?

खरं लिही. नाही लिहिलंस तरी मला कळेलच.

तुझी ताई

२४ सप्टेंबर

धाकटे,

विकतचं घेतलं. ती सगळी बटणं पालथी घातली. दुकानदाराला दोनदा घरी बोलावलं, तो चहा पिऊन गेला. तुझी नवी पट्टी लावली. उशीर तेवढाच. अगदी तेवढाच. दोन निरनिराळी यंत्रं एकच चूक करत नाहीत. तशी चूक माणूस करतो.

आणि तुझं उत्तर काय? ‘ताई, उशीर माझाच असेल. तू फक्त शेवटचं कडवं पाठव, एकदा पूर्ण म्हणून टाकू.’

आलं ना शेवटी ओठावर! मला वाटलंच होतं, गाडी कडव्यापाशी येऊन थांबणार. मग आता माझंही ऐक. कडवं सॉफ्टवेअरने खाल्लं नाही. मीच ठेवून घेतलं. माझ्या पट्टीची ती कड मी स्वतःच्या हाताने कापली, आणि परत कापेन.

तुझ्या खोलीतल्या त्या थापेचाही छडा लागला आहे. कुणीतरी तुझ्यासाठी ठेका धरतं आहे. भावोजी तर नव्हेत, ते मी शपथेवर सांगेन. तुमच्या लग्नात आपण दोघी गायलो, तेव्हा सगळा मांडव एका वेळी टाळ्या वाजवत होता आणि नवरदेव एकटे दुसऱ्या. आईने तोंडाला पदर लावला होता. ते हसू होतं हे मला माहीत आहे, भावोजींना वाटलं लेक सासरी चालली म्हणून रडते. तेव्हा ताल धरणारं हे माणूस नवीन आहे. नवी जोडीदारीण शोधली असशील तर सरळ सांग की. तिच्याबरोबर म्हणायला पूर्ण गाणं हवंय, म्हणून सहा वर्षांनी ताई आठवली.

हे म्हणतात, “असलं पत्र टाकू नकोस, एक रात्र जाऊ दे.” रात्र गेली. पत्र टाकते आहे.

ताई

३ ऑक्टोबर

माझ्या धाकटे,

मागचं पत्र अजून वाटेत असेल तर येईल तेव्हा उघडू नकोस. आलं असेल तर फाडून टाक. वाचलं असेल तर... मला तुझी तब्येत विचारायची आहे, पण कुठल्या तोंडाने विचारू?

काय झालं ते नीट सांगते. भाड्याच्या सॉफ्टवेअरची मुदत संपली आणि त्याने खरोखरच आपलं गाणं कुलपात घातलं. विकतच्याला मीच कंटाळले. मग नाइलाजाने फुकटचं घेतलं. त्यात तुझी पहिली पट्टी टाकली, ती घंटा वाजते ती, आणि सवयीने आधी दोन्ही टोकं कापली. मग ती पट्टी जरा बाजूला सरकवायला गेले तर माउसने टोकच पकडलं, आणि ओढल्यावर कापलेला तुकडा जसाच्या तसा परत बाहेर आला! मी दचकलेच. कापड एकदा कापलं की कापलं, एवढंच मला ठाऊक. दुकानदार म्हणतो, तिन्हींत असं होतं, कापलेलं कुठे जात नाही, नुसतं झाकलं जातं. मी कधी ओढूनच पाहिलं नव्हतं.

तो तुकडा मी तोवर एकदाही ऐकला नव्हता. ऐकायच्या आधीच कापत होते.

तुझं गाणं संपतं. मग भावोजींचा खोकला, माइकच्या अगदी जवळ. मग त्यांचा आवाज, नदीच्या पलीकडच्या माणसाला हाक मारावी तसा: “झालं! थांब!” तू तरी गुणगुणतेच आहेस. मग थप्, थप्. मग तू थांबतेस.

तू विचारतेस, “लागलं का बरोबर?”

“लागलं!”

“काय?”

“लागलं! ला-ग-लं!”

“फार उशीर नाही ना झाला?”

यावर ते हळूच म्हणतात, “झाला तर माझाच गं.” हे तुला ऐकवण्यासाठी नव्हतंच. आणि तू आपली पुढे बोलतेस, “काढा आता ते हेडफोन. कान दुखून येतील तुमचे.”

तुकडा तिथे संपतो.

मी ती पट्टी पहिल्यापासून पुन्हा लावली. या वेळी तुला ऐकलं नाही, त्यांना ऐकलं. प्रत्येक ओळीच्या आधी तुझ्या खांद्यावर त्यांचा हात. घंटा वाजते तेव्हाही हात चुकत नाही. दार उघडायला कसे जाणार? स्वतःच्या लग्नात ज्यांना टाळी धड वाजवता आली नाही, ते. किती दिवस बसले असतील गं शिकायला? माझा आवाज आधी त्यांच्या कानात, कानातून हातात, हातातून तुझ्या खांद्यावर, आणि मग तुझ्या गळ्यात. एवढ्या लांबच्या वाटेला पापणीएवढाच वेळ लागतो, आणि मी त्यासाठी तीन सॉफ्टवेअरं बदलली.

सभागृहातून तू उठून गेलीस ते आता कळलं. माझी ओळ कुठे संपली ते तुला ऐकूच आलं नसेल. माझ्याकडे बघत होतीस. तुला काहीतरी विचारायचं होतं, आणि मी डोळे मिटून गात होते. आंघोळींचंही कळलं. बदकाचं मी मागे घेते.

का सांगितलं नाहीस, हे विचारणार नाही. मला सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? सगळ्या गावाला हळहळत सांगत सुटले असते, आणि तुला ते सोसलं नसतं. मी कुणाला बोललेले नाही. ह्यांनाही नाही. बरं, ह्यांना सांगितलं. पण हे कुणाला सांगणार नाहीत. आज धूळ त्यांनी स्वतःच पुसली. फ्रिजही आठवणीने चालू केला.

आता गाण्याचं. तुझी पट्टी पुढे ओढून जागेवर बसवता आली असती, दुकानदाराने ते करून दाखवलं. मी म्हटलं, “तिची राहू दे.” माझी उचलली आणि तुझ्याजवळ नेऊन ठेवली. दोरा जुळला. त्याला त्या थापा ऐकू आल्या, तर म्हणतो, “आजी, हे ठोके एका बटणात साफ करून देतो.” मी म्हटलं, “त्यांना हात लावलास तर तुझ्या दुकानाची पायरी चढणार नाही.” बिचारा घाबरला. वाईट माणूस नाही तो. मीच त्याच्या चष्म्यावरून उगाच ठरवलं होतं.

फुकटचंच ठेवते आहे. तूही तेच घे. माझा आवाज कोणी चोरून ऐकत असेल तर ऐको बापडा.

आणि हे शेवटचं कडवं. चाल तीच आहे, तुझ्या अंगात भिनलेली. शब्द तेवढे नवे. जिथे थाप पडते त्या अक्षराखाली मी टिंब दिलं आहे, ते भावोजींसाठी:

पाऊल माझं थकलं, तुझं चालू दे गं पोरी,
वाट तुझ्या ओळखीची, वळून बघू नको,
दिवा तुझ्या हाती आहे, तू पुढे हो पोरी,
मी मागून येते, मी मागून येते.

आईने हे मला का दिलं, ते मला कधी समजलं नव्हतं. पुढे तर कायम मीच असायचे.

या वेळी हेडफोन कुणीच लावायचे नाहीत. माझं काही ऐकायचं नाही, माझ्यासाठी थांबायचं नाही. तू आधी म्हण, तुझ्या चालीने, पाहिजे तितकी सावकाश. भावोजींचा हात हवा तर राहू दे, नको तर नको. ती पट्टी मला पाठव, मी हेडफोन लावून तुझ्या मागून येईन. थोडी उशिराने आले तर सांभाळून घे.

टोकं कापून पाठवू नकोस. खोकला, खुर्ची, मांजर, जे असेल ते सगळं येऊ दे.

भावोजींच्या हातांना माझा नमस्कार सांग, मुद्दाम हातांना. मी फोन करणार नाही, कुणाला आंघोळीला जायला नको. तू लिही. तुझ्या हाताने, चार ओळी का होईना, पण लवकर लिही.

तुझी ताई